साचे मी बघते

आधीच सांगते — भुतंखेतं, अंगात येणं, असलं काही मी मानत नाही. आमच्या घोडपदेवच्या चाळीत कोणी 'जिन्यात बाई दिसली' म्हटलं की मी म्हणायचे, "मग तिलाच विचार ना, नळाला पाणी कधी येणार ते!" तेव्हा आता मला हसायचं तर खुशाल हसा. जे पाहिलं ते लिहितेय.

माझे बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. त्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच यायचं नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. जेवायची वेळ झाली तरी आपले साचे सोडून कोणी हलायचं नाही. शेजारच्याने खूण करायची — 'तू जेव, तुझे साचे मी बघतो' — मगच डबा उघडायचा.

गिरणी बंद पडली, मग हळूहळू बाबांचे कानही गेले. आई त्यांच्याशी हातांनी बोलायला शिकली. ताट वाढलं की रोज तीच खूण. बोटं तोंडाशी, दोन्ही तळवे मागातल्या धोट्यासारखे इकडून तिकडे, अंगठा स्वतःच्या छातीकडे... आणि शेवटी कपाळावर फाडकन हात! हा शेवट गिरणीतला नव्हे हं, खास आईचा. 'काय माणूस नशिबी आलाय' म्हणून. बाबा हसायचे आणि जेवायला बसायचे.

गेल्या वर्षी आई गेली, आणि बाबांचं जेवणच तुटलं. चार घास चिवडायचे, ताट सरकवायचे. डॉक्टर झाले, टॉनिकं झाली. मी ती खूण करून पाहिली तर म्हणाले, "तुझ्याकडे खंयचे साचे गो?" अंगावरचा सदरा नुसता लोंबायचा. बाबाही हातचे जाणार, हे मला दिसत होतं, आणि भयंकर भीती वाटत होती.

अशात तो ऑस्ट्रेलियन पंक रॉक बँड मुंबईत आला. कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण वीणा, आम्ही त्यांची एकुलती एक कॅसेट आळीपाळीने झिजवली होती. आता ते पिकल्या केसांचे म्हातारे, शेवटची टूर म्हणे. वीणाला नेमका त्याच दिवशी ताप भरला. मी एकटीच निघालेली बघून बाबांनी विचारलं, "खंय जातंस?" मी कागदावर त्यांच्याच गिरणीचं नाव लिहिलं — शो तिथल्याच जुन्या शेडमध्ये होता. बाबांनी टोपी घातली. "माका पण ने."

गेटवर कानात घालायचे बोळे वाटत होते. बाबांनी ते बघितले आणि खो-खो हसले. कित्येक महिन्यांनी हसले हो!

उन्हं कलली होती. छपराच्या तिरप्या काचांतून पिवळा उजेड येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. "रुई उडता बघ," बाबा म्हणाले. मग ड्रम सुरू झाले. जमीन थरथरायला लागली. भोवती टॅटूवाली पोरं उड्या मारतायत आणि मधोमध माझे बाबा, डोळे मिटून, तळपायांनी ऐकतायत. "ह्येंचे साचे बरे चलतत हां!" मला सगळंच कसं संथ, पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायला लागलं...

आमचं आवडतं गाणं लागलं. वीणासाठी मी मोबाईल वर धरून शूट करत होते. गाता गाता त्या म्हाताऱ्या गायकाने थेट बाबांकडे पाहिलं. बोटं तोंडाशी नेली. दोन्ही तळवे इकडून तिकडे. अंगठा छातीकडे.

आणि कपाळावर फाडकन हात.

बाबांकडे पाहिलं तर डोळे टक्क उघडे, गालावरून पाणी वाहतंय आणि मान हलवतायत. बाहेर आल्यावर म्हणाले, "भूक लागली गो." गाडीवर भुर्जीपाव घेतला. तो संपवला, पुन्हा मागितला. मी नुसती बघत उभी होते, माझा पाव तसाच हातात.

दुसऱ्या दिवशी वीणाला व्हिडिओ पाठवला. तिचा फोन. "अगं, कसली खूण? त्याने तर माईक सोडलेलाच नाही."

खरंच. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याचे दोन्ही हात माईकवर आहेत. मी हज्जारदा बघितलंय. फक्त एका ठिकाणी, एवढ्या दणदणाटात, बाबांचा आवाज स्वच्छ येतो — "जेवतंय गो... जेवतंय."

वीणा म्हणते, भास. असेल. पण दोघांना, एकाच क्षणी, तोच? बाबांना विचारायची मला गरजच वाटत नाही.

आता रोज ताट वाढून खूण मी करते. "तुझो आंगठो चुकता," म्हणतात आणि जेवतात. कपाळावर हात मात्र मी मारत नाही. तो तिचा.