बांधावरची गांडुळं

आज भोकरजवळ आमच्याच शेतात शाळेतल्या मुलांना नेलं होतं. पाऊस बेभरवशाचा झालाय, तेव्हा ओल धरणारी माती कशी ओळखायची ते दाखवायचं होतं. बाबांनी मला शिकवलं तसंच: वीतभर खणायचं आणि गांडुळं मोजायची.

सोयाबीनमध्ये पाच खड्डे खणले. एकही गांडूळ नाही. मातीला वाससुद्धा नाही.

"सुट्टीवर गेलीत काय, मॅडम?" मुलं हसली.

मग बांधावर खणलं. तिथं गांडुळांचा गुंताच वळवळत होता. सगळे वाकून बघू लागले.

एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ही कुणाला भिऊन इथं लपून राहिलीत?"

बाबा नको म्हणत असताना सोयाबीनमध्ये तणनाशक फवारायचा हट्ट माझाच होता; बांध तेवढा सुटला होता. मी म्हणाले, "चला, उशीर झाला."

उद्या वर्गात खरं सांगायचंय. तुम्ही सुरुवात कशी केली असती?