आबा, नाना आणि सर

केळीचे वेफर्स तळल्याचा वास आला की मला जळगावातला पायथॉनचा क्लास आठवतो. खाली वेफर्सची कढई, वर आम्ही. सावद्याहून येणारी मी वर्गात वयाने सगळ्यांत मोठी. पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी फंक्शनांना, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांना, घरातली नावं दिली होती. आबा हुकूम सोडायचे, नाना बेरीज करायचे, अक्का उत्तर सांगायची. आमच्या घरात कामं अशीच चालत.

सरांनी ते पडद्यावर लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, हा प्रोग्रॅम आहे का लग्नाची पत्रिका?" पोरं हसली. "आधी डॉक्युमेंटेशन वाचा, सगळे नियम त्यात लिहिलेत. नावावरून काम कळलं पाहिजे."

वाचलं. इतक्या रागानं वाचलं, की नावांचे नियम पाठच झाले.

आज जळगावातल्याच मेहरूणच्या ऑफिसात तोच वास येतोय. इथे बाहेरून आलेला कोड मी तपासते, आणि तो पाठवणाऱ्यांत ते सरही आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या फंक्शनांची नावं होती एफ१, एफ२, एफ३. माझ्या आबा-नानांचं काम तरी कळायचं. मी कोड परत पाठवला. आज त्यांनी सगळी नावं सुधारून दिली, खोट काढायला जागा उरली नाही.

तरी परत पाठवला. खाली लिहिलं, "सर, डॉक्युमेंटेशन पुन्हा एकदा वाचा." मग वेफर्स मागवले.