गोडंबीचा डबा

तार सकाळी नऊच्या सुमारास आली. 'रजा रद्द. ताबडतोब हजर व्हा.' साल एकाहत्तर, दिवाळी तोंडावर. मी तेव्हा नाईक होतो, एका रायफल सेक्शनचा कमांडर, आणि पुसेगावला घरी रजेवर होतो. माय म्हणाली, "सण तरी होऊ द्या म्हणावं." मी म्हणालो, "माय, सरकारला दिवाळी नसते." दुपारच्या गाडीनं हिंगोलीला जायचं होतं. हातात चार तास होते.

मायनं त्या चार तासांत घर डोक्यावर घेतलं. अंबाडीचा वाळवलेला पाला, मुगाचे सांडगे, तिळाची चटणी, सगळं फडक्यांत बांधलं. शेवटी एक तेलाची बाटली दिली. मोहाच्या बिया वेचून, वाळवून, घाण्यावर नेऊन काढलेलं घरचं तेल. थंडीत हातपाय फुटले की आमच्याकडं तेच लावतात. "इसरू नको. रोज लाव," म्हणाली. मी बाटली पिशवीत टाकली. त्या तेलाचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही, पण मायला ते कोण सांगणार?

त्या पिशवीत एक डबाही होता. तो माझा नव्हता.

माझ्या सेक्शनमध्ये शंकर राठोड नावाचा शिपाई होता. कळमनुरी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचा. एलएमजी म्हणजे लाईट मशीनगन, ती चालवणारा तो नंबर एक. मी रजेवर निघालो तेव्हा म्हणाला, "दादा, माझ्या याडीकडून डबा घेऊन या. ती बाजाराला भेटंल." तांड्यात आईला याडी म्हणतात. तार यायच्या आठवडाभर आधी मी कळमनुरीच्या बाजाराला जाऊन तिला गाठलं. रानातून आणलेला डिंक, चारोळी आणि गोडंबी मांडून ती बसली होती.

बिब्बा तुम्हाला माहीत असेल. काळी बी. तिचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, कातडी सोलून निघते. त्याच बीच्या पोटातला पांढरा गर म्हणजे गोडंबी. बदामानं तिच्यापुढं मान खाली घालावी. पण ती काढायची म्हणजे हात राखेत घोळायचे, एकेक बी दगडावर उभी धरायची आणि बेतानं ठोकायची. याडीची बोटं काळी पडली होती.

मी स्वभावानंच संशयी. कुणी पाणी दिलं तरी आधी भांड्याच्या तळाशी बघतो. मी विचारलं, "लाडवाला बिब्ब्याचं तेल लागलेलं न्हाई ना?"

याडीनं डबा उघडला, एक लाडू मोडला आणि माझ्यासमोर अर्धा खाल्ला. म्हणाली, "माझ्या लेकराला मी जहर घालीन का रं?"

मी डबा घेतला. तरी मनातली पाल चुकचुकतच होती. हिंगोलीहून अकोला आणि पुढं पंजाबपर्यंतच्या प्रवासात मायची तिळाची चटणी मी गाडीतल्या सोबत्यांना वाटली, पण याडीचा डबा उघडला नाही.

आमची कंपनी सीमेजवळच्या एका बंधाऱ्यावर होती. समोर उसाची शेतं, मागं कालवा. पहाटे पावणेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, सातला चहा, मग खंदकाचं काम, हत्यारांची सफाई. थंडी अशी की सकाळी लोखंडाला हात लावला की कातडी चिकटेल असं वाटायचं. शंकरनं डबा उघडला आणि सगळ्या सेक्शनला लाडू वाटले. मी दोन दिवस थांबलो. कुणाला काही झालं नाही, तेव्हा एक खाल्ला. खोटं कशाला बोलू, तसा लाडू मी पुन्हा खाल्ला नाही.

शंकरचे हात थंडीनं फुटले होते. एलएमजीवाल्याचे फुटतातच. मी मायची बाटली काढून त्याला दिली. "घे. आमच्या मायनं दिलंय. मला वास चालत नाही."

"तुमच्या मायचं तेल मला?" तो हसला. "मायला कळलं तर?"

"कोण सांगतंय? लाव गुमान."

त्याच आठवड्यात त्यानं रजेचा अर्ज केला होता. बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलंच लेकरू. अर्ज परत आला. त्यानं पुन्हा केला, तोही परत आला. मला म्हणाला, "दादा, उडून जावंसं वाटून राहिलं." मी ते वाक्य डोक्यात ठेवलं.

तेल दिल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता शंकरनं चहाचा मग धरला आणि लगेच खाली ठेवला. दोन्ही तळहातांवर पाणी धरलेले फोड होते, बोटांच्या बेचक्यांत कातडी काळी पडलेली. मी त्याला डॉक्टरसाहेबांकडं नेलं. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले.

"ये भिलावा है. मैंने पहले भी देखा है. क्या लगाया?" भिलावा म्हणजे आपला बिब्बा.

"कुछ नहीं, साब."

"छुट्टी मांगी थी?"

"जी साब. नहीं मिली."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. लढाईच्या तोंडावर स्वतःला इजा करून घेणं म्हणजे फौजेत काय, ते सिव्हिलियन माणसाला सांगून समजणार नाही. कोर्ट मार्शल होतं. गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. भित्रा हा शिक्का नातवंडांपर्यंत जातो.

सुभेदारसाहेबांनी सामानाची झडती घेतली. याडीच्या डब्यात, उरलेल्या लाडवांच्या खाली, फडक्यात बांधलेले सात बिब्बे निघाले. सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "किसन, तुझ्या मुलखातला आहे. खरं सांग. तिकडं लोक असं करतात का?"

निजामाच्या काळात वेठबिगारी चुकवायला लोक बिब्ब्यानं अंगावर फोड काढून घेत, हे मी आजोबांकडून ऐकलं होतं.

"करतात, साहेब," मी म्हणालो.

पुढं एवढंच बोलायचं होतं की शंकर करणार नाही. ते मी बोललो नाही. कारण मला तसं वाटतच नव्हतं. सुभेदारसाहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

शंकरला कंपनी हेडक्वार्टरच्या खंदकात बसवलं. बाहेर पहाऱ्याला एक संत्री. दुसऱ्या दिवशी दहा वाजता रेशनच्या गाडीनं त्याला मागं पाठवायचं होतं. दुपारी मी चहा घेऊन गेलो. दोन्ही हातांना पट्ट्या. चहाचा मग मीच त्याच्या तोंडाला लावला.

"दादा, तुमी बी?" तो म्हणाला.

"मग सांग ना काय लावलं."

त्यानं पट्ट्यांतले हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "काई न्हाई लावलं."

"आन् ते बिब्बे?"

"टाचंच्या भेगांसाठी याडीनं दिले. एक बी फोडला न्हाई. तुमीच पाहा."

मी पाहिले होते. सातही अखंड होते. पण संशयी माणसाला काय, नसलेलाही दिसतो. मला वाटलं, आठवा असणार. मी रिकामा मग घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला तोफा सुरू झाल्या. सातच्या आत टेलिफोनची लाईन तुटली. एलएमजी मी शिपाई भोसलेकडं दिली होती. कोल्हापूरकडचा, शांत पोरगा. पहिल्याच माऱ्यात तो गेला आणि त्याचा जोडीदार खांद्याला लागून पडला. एलएमजी गप्प झाली. उसातून माणसं पुढं येत होती.

मी रेडिओवर बोललो. "एलएमजी बंद. आदमी भेजो. ओवर."

उत्तर आलं, "आदमी नहीं है. होल्ड करो. ओवर."

तेवढ्यात बंधाऱ्यावरून एक माणूस वाकून पळत येताना दिसला. हातात रायफल नव्हती. दोन्ही हात पांढरे. मी ओळखलं, शंकर. तोफा सुरू झाल्यावर त्याच्यावरचा संत्रीही मोर्चावर धावला असणार. तो वळून उसाच्या दिशेला उतरला, कारण आमच्या मागची वाट गोळ्यांनी बंद होती. पण तेव्हा मला एकच वाटलं, हा पलीकडं चालला. शरण चालला.

तुम्हाला खरं सांगतो, मी रायफल त्याच्यावर धरली होती. सेफ्टी कॅच उघडला होता. आणखी चार पावलं तो समोर गेला असता तर मी गोळी घातली असती.

तो वळला आणि एलएमजीच्या खड्ड्यात उडी मारली. पट्ट्या त्यानं दातांनी ओढून काढल्या. मग गन बोलायला लागली. तीन-तीन, चार-चार गोळ्यांचे बर्स्ट, जसे शिकवले होते तसेच. मी सरपटत जाऊन त्याला मॅगझिन भरून देत राहिलो. तो माझ्याशी बोलला फक्त एकदा. "दादा, उजवीकडं बघा." मी उजवीकडं पाहिलं, तिकडून पाच-सहा जण येत होते. शंकरनं तसंच त्यांना थांबवलं. अकरा-बारा मिनिटं हे चाललं असेल.

सात वीसला मॅगझिन आणायला मी खड्ड्यातून बाहेर सरकलो आणि मागं मॉर्टरचा गोळा पडला. परत आलो तेव्हा शंकर गेलेला होता. गनच्या कॉकिंग हँडलला, मागं ओढायच्या मुठीला, त्याच्या तळहाताची कातडी चिकटली होती. गन मी साफ केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मेजरसाहेबांनी त्याच्यावरची चौकशी बंद केली. 'लढाईत कामी आला' असा कागद तांड्याला गेला. पण फौजेतली बोलणी कागदावर थांबतात का? वसमतकडचा एक जण रजेवर गेला आणि त्यानं बोभाटा केला. राठोडनं बिब्बा लावून हात जाळून घेतले होते, आईनंच पाठवला होता, असं.

मला रजा उन्हाळ्यात मिळाली. घरी पोचलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. माय वाढता वाढता म्हणाली, "ती बाटली आणली का परत? बैलाच्या खुराला लावायचं बिब्ब्याचं तेल ठेवायला घरात बाटलीच न्हाई राहिली. तीच येक व्हती त्या तेलाची."

मी घास ताटात ठेवला. विचारलं, "धुतली होती का?"

"व्हय तर. पाण्यानं खळबळली व्हती की. गडबड किती व्हती त्या दिशी. काहून?"

पाण्यानं बिब्बा निघत नाही. राखेनं घासावं लागतं, तरी पुरता जात नाही. मायला मी काही सांगितलं नाही. ती मरेपर्यंत सांगितलं नाही.

मोहाच्या तेलाच्या वासात बिब्बा मला ओळखू आला नसता. शंकरचं बालपण बिब्ब्याच्या वासात गेलं होतं. फोड आले त्या सकाळीच त्याला उमगलं असणार. झडतीत त्याच्या सामानात बाटली निघाली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं होतं आणि मी त्याचा विचारही केला नव्हता. संशयी मी, पण मायच्या तेलावर मला संशय आला नव्हता. त्यानं ती कुठंतरी पुरली असेल. नाव घेतलं असतं तर माझ्या मायचं घ्यावं लागलं असतं. म्हणून तो 'काई न्हाई' म्हणत राहिला आणि मी 'करतात, साहेब' म्हणालो.

मी मेजरसाहेबांना सगळं लिहून पाठवलं. मग बाजाराच्या दिवशी वर्दी घातली आणि कळमनुरीला गेलो. याडी बसली होती. शेजारी सून, तिच्या मांडीवर सहा महिन्यांची पोरगी. टोपली गोडंबीनं भरलेली आणि समोर गिऱ्हाईक नाही. एक बाई थांबली, तिला दुसरीनं दंडाला धरून पुढं नेलं.

याडीनं मला ओळखलं. "तूच ना, डबा नेणारा? माझ्या गोडंबीनं त्येचे हात जळाले म्हनत्यात. त्येनंच जाळून घेतले, असं बी म्हनत्यात."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बाटली, माझी सही, रायफल धरली तेही. सून रडायला लागली तेव्हा याडीनं हातानंच तिला गप्प केलं.

मग म्हणाली, "हे मला काहून सांगून राहिला? माझं लेकरू कसं व्हतं ते मला ठाऊक हाय. त्येंला सांग." आणि तिनं बाजाराकडं हात केला.

मी उभा राहिलो. परेडवर लावतो तो आवाज लावला. म्हणालो, "शिपाई शंकर राठोडनं हात जाळून घेतले नाहीत. तेल माझ्या घरचं होतं. चूक माझ्या घरची. त्याच्यावर आळ आला तेव्हा साहेबांपुढं त्याच्याविरुद्ध बोललो तो मी. जळालेल्या हातांनी तो गन चालवत होता म्हणून मी आज इथं उभा आहे."

एक आडत्या म्हणाला, "पण साहेब, बिब्बे तर हिच्याच डब्यात निघाले ना?"

"निघाले. सातच्या सात अखंड. मी स्वतः पाहिले होते आणि तरी गप्प बसलो." एवढं बोलून मी टोपलीतली मूठभर गोडंबी घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. थोड्या वेळानं एक म्हातारी पुढं आली आणि तिनं याडीला भाव विचारला.

याडीनं तिला माल मोजून दिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "झालं तुझं. आता जा. पुन्ना माझ्याम्होरं यायचं न्हाई."

मी गेलो.

मेजरसाहेबांचं पत्र आलं, दोन ओळींचं. माझा जबाब कागदपत्रांना जोडला आणि जुना जबाब रद्द केला, असं.

त्या सकाळी माझ्या सेक्शनमधले दोघं गेले. शिपाई भोसले. शिपाई शंकर राठोड. वर्षातून एकदा, सकाळी सात वीसला, मी अंगणात उभा राहून दोघांची नावं मोठ्यानं घेतो. घरच्यांना सवय झाली आहे, ते काही विचारत नाहीत. बाजाराच्या दिवशी कळमनुरीची गाडी फाट्यावर थांबते, कंडक्टर ओळखीचा आहे, हाक मारतो. मी चढत नाही. याडी वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तिनं हुकूम मागं घेतला नव्हता.