खुंटी आणि बटाट्याची भाजी

चूक माझी होती. कित्येक शतकं ताठ उभ्या असलेल्या घराची खुंटी मी बटाट्याच्या भाजीने उपटली.

लाकडी सांगाड्याचं ते इंग्लिश घर कुणा श्रीमंताने सुटं करून, जहाजाने अमेरिकेत आणून पुन्हा जोडलं. आता ते म्युझियम आहे, आणि आमची मुलगी ईशा तिथे इंटर्न. 'आर्किटेक्चरला स्कोप नाही' म्हणून मी वर्षभर तिचं डोकं खाल्लं होतं. ती पाहुण्यांना घर दाखवणार ती पहिली टूर बघायला मात्र आमच्या एडिसन गावाहून सहा तास ड्राइव्ह करून हजर! (वाटेत 'स्कोप' हा शब्द काढायचा नाही, ही माझ्या बायकोची, सुनीताची, अट.)

दालनात शिरताच सुनीताने पोळीभाजीची पिशवी माझ्या हातात दिली.

"खाली ठेवू नका हं, अन्न आहे."

"मग काय डोक्यावर घेऊ?"

"शूऽ! ती बोलतेय."

समोरच्या खांबातून एक छानशी खुंटी बाहेर आलेली. खुंटी दिसली की मराठी माणूस काय करणार? अडकवली पिशवी!

ईशा इंग्रजीत रंगात आली होती. "या सांगाड्यात एकही खिळा नाही. सगळं घर या लाकडी खुंट्यांनी धरून ठेवलंय, आणि आजपर्यंत एकही..."

धप्प! पिशवी जमिनीवर, पिशवीवर खुंटी.

पाहुणे घाबरून छताकडे बघू लागले. एक आजी तर काठी टेकत दारापर्यंत पोचल्या! तेवढ्यात मी काय करावं? खुंटी उचलून खिशात घातली. (वय बावन्न. हुद्दा सीनियर मॅनेजर.)

आवाज ऐकून तिथले म्हातारे सुतार, फ्रँक, धावत आले. त्यांनी रिकामं भोक पाहिलं.

"ईशा, कुणी हात लावला इथे?"

ती पांढरीफटक पडली. "आय ॲम सॉरी, फ्रँक. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी."

खिशातली खुंटी एकदम खांबाएवढी जड झाली. ती मी पुढे केली. "चूक तिची नाही. माझी. मी तिचा बाप."

फ्रँक हसतच सुटले! जुनी खुंटी किडली म्हणून ही नवी त्यांनी सकाळी नुसती खोचून ठेवली होती, ठोकायची बाकी होती. "पण पोरीने दोष अंगावर घेतला," ते म्हणाले. "जुन्या घरांना अशीच माणसं लागतात." वर आमची पोळीभाजीही आवडीने खाल्ली. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पार्किंगमध्ये मी ईशासमोर उभा राहिलो. "सॉरी, बाळा. खुंटीबद्दल तर आहेच. पण आर्किटेक्चरला स्कोप नाही म्हणालो, ते साफ चुकलं. तुझा बाप हिंडता-फिरता आहे तोवर जुन्या घरांची दुरुस्ती काही संपत नाही!"