पूजेआधी चहा न्हाई

आमची पोस्ट बर्फाळ डोंगराच्या धारेवर होती. मी हवालदार, पोखर्णीचा. माझा बडी, म्हंजे जोडीदार, नायक महालिंग, बोरीच्या लिंगायत घरातला. परभणीची दोन माणसं एका बंकरमध्ये पडल्यावर गप्पांना काय तोटा!

सकाळी स्टोव्हवर बर्फ वितळवून चहा करायचं काम माझं. महालिंग मात्र कपाला शिवायचा न्हाई. गळ्यातली चांदीची डबी उघडायचा, इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचा, विभूती लावून एकटक बघत बसायचा. घरची रीतच तशी, पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोटसुद्धा न्हाई.

मी चिडवायचो, "आरं, देव काय पळून जायलाय का? चहा गार व्हायलाय!"

पूजा उरकल्यावर तो हसायचा. "देव न्हाई पळत, हवालदारसाहेब. मीच पळतो. म्हणून आधी त्याला धरतो." मग तोच गार चहा चवीनं प्यायचा.

एकदा सुभेदारसाहेब तपासणीला आले, तरी गडी उठला न्हाई. साहेब मुकाट्यानं दारात थांबले. महालिंगचा पहिला साहेब कोण, ते तेव्हापासून सगळ्या पोस्टला कळलं.

त्या सकाळी तो नुकताच पूजेला बसला होता. वायरलेस सेट खरखरला.

"बर्फाचा कडा कोसळलाय. तुमच्या खालच्या ट्रॅकवर एक जवान दबला. ताबडतोब निघा. ओव्हर."

"रॉजर. निघालो. आउट."

मी सळया अन् चहाचा फ्लास्क उचलला. बर्फाखाली माणूस टिकणार किती? आणि हा तर पूजेतून उठणार न्हाई! वळून बघतो तर लिंग कपाळाला लावून डबीत ठेवलेलं, फावडं खांद्यावर, गडी दारात.

"आरं, पूजा?"

"चालूच हाय. पळा!"

पोस्टवरचे सगळेच पळालो. बर्फात लांब सळया खुपसत सगळा उतार चाळला. महालिंगच्या सळईला मऊ लागलं. त्यानं आधी फावड्यानं, मग हातानंच उकरलं. एक हातमोजा दिसला. बोटं हलली!

"जित्ता हाय! जित्ता हाय!" मी सेटवर बोंबललो. ओव्हर, आउट, काय म्हणायचं ते सगळं विसरलो. पलीकडूनबी नुसता आरडाओरडा. बाहेर काढल्यावर त्या शिपायानं डोळे उघडले अन् विचारलं, "माझी रायफल कुठंय?" हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

मी फ्लास्क उघडला. सवयीनं महालिंगला सोडून बाकीच्यांना दिला. त्यानं हात पुढं केला.

"तुला?"

"झाली की पूजा आत्ता. द्या."

एका दमात प्यायला. काय चेहरा होता त्याचा! जत्रेतबी असा आनंद बघितला न्हाई मी.

शिपायाला स्ट्रेचरवर घालून वर निघालो. महालिंग सगळ्यात मागं. अचानक वरून आणखी एक बर्फाचा कडा कडाडत आला.

"पुढं व्हा!" तो ओरडला, अन् स्ट्रेचरला असा रेटा दिला की आमी सगळे खडकाच्या आडोशाला पडलो. मागं बघितलं तर नुसतं पांढरं. अंधार पडेस्तोवर उकरलं. सापडला, पण श्वास नव्हता. मी लय रडलो.

त्याला बोरीला मीच घेऊन गेलो. सगळा गाव जमला होता. त्याच्या मायनं माझी बाही घट्ट धरली. बाकी काही विचारलं न्हाई.

"त्या दिवशी लेकराची पूजा झाली होती का, बाबा?"

"झाली होती, माय. माझ्या हातचा चहा प्यायला त्यानं."

तिनं बाही सोडली.

"मग झाली," माय म्हणली.