समुद्राकडे पाठ

तिकडचे चाचा बोलताना समुद्राच्या दिशेला हात करीत आणि म्हणत, "आमच्या तिकडे..." तिकडे म्हणजे आखातात. तिथल्या कुठल्याशा बंदरावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं क्रेन चालवली होती. १९९८ साली ते कायमचे रत्नागिरीला परतले, तरी त्यांचं प्रत्येक वाक्य अजून तिथूनच निघायचं. आमच्या तिकडे रस्त्यावर थुंकला की दंड. आमच्या तिकडे झाडाचा पान पडला की उचलायला माणूस हजर. ऐकून ऐकून आम्ही त्यांचं खरं नाव विसरलो आणि त्यांना 'तिकडचे चाचा' म्हणू लागलो. पण खरी गंमत त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गाववाल्याने सांगितली. तिथे असताना चाचा दिवसभर पूर्वेला हात करून 'आमच्या तिकडे' म्हणत, आणि ते तिकडे म्हणजे रत्नागिरी. आमच्या तिकडचा पाणी अमृतासारखा, आमच्या तिकडची माणसं सोन्यासारखी. ती सोन्यासारखी माणसं म्हणजे आम्ही. तेव्हा पुढचं वाचताना वाचकांनी सोन्याचा भाव मनात धरू नये.

आमची आळी आणि चाचांचा मोहल्ला यांच्या मधोमध रस्ता समुद्राशी उतरतो. तिथे किनाऱ्यालगत लांबट पट्टी आहे. तेव्हा तो उकिरडा होता. नारळाची सोडणं, फाटकी जाळी, माशांची डोकी, निर्माल्य, शहाळी, सगळं तिथे सुखाने नांदत होतं. मोहल्ल्यातले म्हणत, ही आळीची घाण. आळीतले म्हणत, मोहल्ल्याची. रोज संध्याकाळी आम्ही काही मंडळी रस्त्याच्या कठड्यावर नाकाला रुमाल लावून बसायचो आणि नगरपालिकेला नावं ठेवायचो. नावं ठेवण्यात आमचा हात धरणारं कोकणात कुणी नव्हतं, आणि कोकणात नव्हतं म्हणजे कुठेच नव्हतं.

एकदा चाचा त्यांच्या घराच्या मागच्या दारात मला म्हणाले, "सेक्रेटरी, एक गोष्ट सांगू?" मला सेक्रेटरी म्हणायचं कारण एवढंच की आळीच्या गणेशोत्सवाचा मी सेक्रेटरी होतो. म्हणजे आरतीला उशिरा येणाऱ्यांना रागावणं हे माझं खातं, आणि मी स्वतः उशिरा येत असल्याने ते बंद असायचं.

"माझी बायको लगीन होऊन ह्या घरात आली, तवापासून समुद्र ह्या दारातनं बगते. एक दिवस काठावर जाऊन बसली नाय. मी तिकडे रोज संध्याकाळी बाकावर बसून समुद्र बगायचो आनि मनात म्हनायचो, घरी गेलो की हिला घेऊन बसेन. आता आलोय, तर बसवू कुठं? त्या सोडणांवर?"

चाचींचं माहेर राजापूरचं, नदीकाठचं. आतून त्यांचा आवाज आला, "राजापूरला नदीवर कपडे धुवायला तरी जायचे मी. हिथं समुद्राशेजारी येऊन तेवढंपन गेलं." मी हसलो. मला तो विनोद वाटला. माझी बायको म्हणते, की बायकांच्या तक्रारी मला नेहमीच विनोद वाटतात.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून चाचा सिमेंटची रिकामी पोती घेऊन त्या पट्टीत उतरले. अंगात पांढरा शर्ट, अत्तराचा वास, आणि हातात कुजकी सोडणं. आम्ही कठड्यावरून त्यांना सूचना केल्या. ते पोतं तिकडे ठेवा, वाऱ्याची दिशा बघा, वाकताना कंबर सांभाळा. त्यांनी एकदाच वर पाहिलं. "तोंडाने पोती भरत असती तर तुम्ही आख्खी रत्नागिरी साफ केली असती," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. पुढच्या शुक्रवारी मोहल्ल्यातली चार पोरं त्यांच्याबरोबर उतरली. मग होडीवाले आले. त्यानंतर मात्र आमची पंचाईत झाली, कारण कठड्यावर बसलेल्या माणसांकडे लोक आता उकिरड्याऐवजी बघू लागले. शेवटी अब्रू वाचवायला आम्ही उतरलो.

उतरलो ते मंडळ स्थापूनच. आमच्यात एक वकील होते. कोर्टात ते फारसे जात नसत, पण नियमांवर त्यांचं फार प्रेम. ते अध्यक्ष झाले, मी अर्थातच सेक्रेटरी. पहिल्या सगळ्या सभा मंडळाचं नाव ठरवण्यात गेल्या. तोवर चाचांनी आणि होडीवाल्यांनी निम्मी पट्टी साफ केली. मग झाडांचा विषय निघाला आणि रत्नागिरीचा प्रत्येक माणूस जन्मतःच बागायतदार असल्यामुळे प्रत्येकाने कलमांच्या खताविषयी भाषण केलं. चाचांनीही मागे राहायचं नाही म्हणून तिकडून आणलेल्या खजुराच्या बिया लावल्या. त्या उगवल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बकऱ्यांनी आपल्या परीने समारंभ केला. "तिकडे बकऱ्या बांधून ठेवतात," एवढंच चाचा म्हणाले. नंतर सुरूची रोपं लावली, ती मात्र जगली.

कामाला सुरुवात करायची ती नारळ ठेवून आणि गाऱ्हाणं घालून, ही आमची रीत. आळीचे गुरवमामा पुढे उभे राहून देवाला साकडं घालीत आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यापाशी सगळे एका सुरात ओरडत, "व्हय महाराजा!" गुरवमामा गाऱ्हाण्यात कुणाला सोडत नसत. "बा देवा महाराजा, ह्यो जो आमचा सेक्रेटरी फावड्याला टेकून उभा ऱ्हातो, त्याला फावडा उचलायची ताकद दे!" की लगेच "व्हय महाराजा!" चाचा बाजूला उभे असत, पण 'व्हय' सगळ्यांत मोठ्याने त्यांचंच. कुणीतरी त्यांना छेडलं, "चाचा, तुम्ही आमच्या देवाला व्हय कसं म्हणता?" ते म्हणाले, "चांगल्या कामाला व्हय म्हनायला कुठलाच मालक नको बोलत नाय." वकिलांना हा मुद्दा बिनतोड वाटला. वकिलांना दुसऱ्याचा मुद्दा बिनतोड वाटल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग बाकांची वेळ आली. आळीतल्या आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी आपापल्या परसातले जुने चिरे आणून टाकले. गवंडी आला, त्या आठवड्यात चाचा मुंबईला गेलेले. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला निघाला होता, त्याला विमानात बसवून यायचं होतं. गवंड्याने विचारलं, "बाकांचं तोंड कुठं करायचं?"

आता हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात विचारला असता तर लोक हसले असते. आमच्याकडे त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. आम्ही सगळे एकदम म्हणालो, "रस्त्याकडे!" जन्मभर पडवीत बसून वाट न्याहाळायची सवय. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत सुरमई आहे आणि कुणाच्या नुसती मेथी, हे कळलं नाही तर संध्याकाळ झाली असं आम्हांला वाटत नाही. समुद्र काय, तो कुठे जातोय? तो तर रोज तिथेच असतो. वकिलांच्या पाठीला दुखणं होतं, म्हणून बाकांना चांगली उंच पाठही केली. झाले बाक तयार. रुंद, भक्कम, आणि समुद्राकडे साफ पाठ केलेले.

चाचा मुंबईहून आले ते थेट एस.टी. स्टँडवरून किनाऱ्यावर, हातात बॅग तशीच. बराच वेळ ते बाकांपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "सेक्रेटरी, समुद्र मागं ऱ्हायला रे."

"चाचा, वारा अंगावर येत नाही," मी म्हणालो. "आणि खारी हवा डोळ्यांना वाईट." हे मला त्या क्षणीच सुचलं होतं.

ते भांडले नाहीत. त्याच संध्याकाळी मात्र ते चाचींना घेऊन आले. बरोबर शेजारच्या दोघी होत्या. बुरखा सावरत चाची कोपऱ्यावर आल्या आणि थांबल्या. समोर ओळीने आम्ही बसलेलो, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत बसणं हेच आमचं काम असल्याने आम्ही त्यांच्याकडेही इमानाने बघितलं. तिथे बसायचं म्हणजे आख्ख्या रत्नागिरीपुढे तोंड करून बसायचं. चाची तशाच वळल्या. चाचा त्यांच्यामागून गेले. ते उंच गृहस्थ, पण त्या दिवशी पाठमोरे जाताना मला बुटके वाटले, आणि मला पहिल्यांदा कळलं की मागच्या दारातली ती गोष्ट विनोद नव्हती. मला फार वाईट वाटलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती भात वाढता वाढता म्हणाली, "मीपण नाही बसले कधी तिथे. तुमच्या डोळ्यांना जागा कमी पडेल." मी वकिलांकडे जाऊन बाक बदलायचा विषय काढला. ते म्हणाले, "ठराव झालाय, मंडळाची शोभा होईल." खरं सांगायचं तर शोभेची भीती मलाही होतीच. आपण समुद्राकाठी समुद्राकडे पाठ करून बाक बांधले, हे चारचौघांत कबूल कोण करणार?

पाऊस संपल्यावर सुरूच्या रोपांभोवती मातीची आळी करायचं काम निघालं. नारळ ठेवला, गुरवमामांचं गाऱ्हाणं सुरू झालं, सगळे तंद्रीत 'व्हय महाराजा' म्हणत होते. गाऱ्हाणं संपत आलं तेव्हा चाचा पुढे झाले. "गुरवमामा, मी दोन शब्द बोलू काय?"

"बोला की," गुरवमामा म्हणाले.

चाचांनी डोळे मिटले. "हे मालका, ही झाडं मोठी होऊ देत!"

"व्हय महाराजा!"

"आळी-मोहल्ला असाच एका ठिकानी कामाला येऊ दे!"

"व्हय महाराजा!"

"आनि बाकांच्या पाठी काढून टाकायची बुद्धी ह्या मंडळाला आजच्या आज होऊ दे!"

"व्हय महाराजा!" सगळा किनारा ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज वकिलांचा होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिभेला जन्माची सवय, ती आमच्या आधी बोलून गेली होती. चाचा डोळे मिटूनच उभे होते, पण दाढीतून हसत होते. गुरवमामा म्हणाले, "काय वकील, आता?" वकिलांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "देवासमोर व्हय म्हटलंय," ते म्हणाले. "ह्यावर अपील नाही." आणि पहिली पहार त्यांनीच मागितली. ती त्यांना उचलवली नाही, ही गोष्ट वेगळी.

पाठी निघाल्या आणि बाक दोन्हीकडून बसायचे झाले. आम्ही रस्त्याकडे, बायका समुद्राकडे. बायका आल्या की पुरुषांनी रस्त्याकडच्या बाजूला सरकायचं, हे कुणी न सांगता ठरलं. चाची पहिल्यांदा बसल्या त्या संध्याकाळी चाचा आमच्यात रस्त्याकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने मागून चाचींचा आवाज आला. "अवो, येवढा मोठा हाय? दारातनं येवढासाच दिसायचा." चाचांनी खिशातून रुमाल काढला आणि मला म्हणाले, "खारी हवा रे, डोळ्यांना वाईट."

काही वर्षं ती दोघं रोज आली. माझी बायको चाचींच्या शेजारी बसू लागली, तेव्हापासून माझ्याविषयीची माहिती मोहल्ल्यातही पोचली. मग चाचांची साखर वाढली, चाचींचे गुडघे गेले, आणि मुलगा ऐकेना. दोघांना तिकडे घेऊन जाणारच म्हणाला. निघायच्या दिवशी चाचा बाकाशी आले. "सेक्रेटरी, बाक संभाळ," ते म्हणाले. मी म्हणालो, "बाक काय चाचा, चिऱ्याचे आहेत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाकावरची वाळू झटकू लागलो. बाकासाठी न सांगता हात हलवण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

नंतर एका संध्याकाळी मी बाकावर असताना मोबाइल वाजला. चाचा होते. "सेक्रेटरी, हिथं घरासमोरच समुद्र हाय. बाक झ्याक हायत, सगळे समुद्राकडे तोंड करून. पन ही बसत नाय. ही मागं कठड्यावर बसते, रस्त्याकडे तोंड करून. म्हनते, आपल्या तिकडचा कोन जातोय काय बगते. आता ह्याला काय करू, तूच बोल तिच्याशी."

चाची फोनवर आल्या. "भाऊ, कुठं बसलायस?"

"बाकावर, चाची."

"मग सांग ना, कोन कोन जातंय?"

आणि मी सांगू लागलो. पालीची गाडी आत्ता गेली. वकील येतायत, काठी नवी घेतलीय. गुरवमामांचा नातू सायकल शिकतोय, पडला, उठला. होडीवाल्याच्या सुनेच्या पाटीत बांगडे आहेत, ताजे दिसतायत. जन्मभर रस्त्याकडे बघत बसल्याबद्दल मी बायकोची बोलणी खाल्ली, त्या विद्येचं कुणालातरी काम पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आनि मागच्या अंगाला?" चाचींनी विचारलं. "समुद्राकडे?"

मी वळून बघितलं. सगळे बाक भरले होते. मोहल्ल्यातल्या बायका, आळीतल्या बायका, त्यांच्यात माझी बायको, टोकाला दोन म्हाताऱ्या एकमेकींना टेकून. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

"मागे जागाच नाही चाची," मी म्हणालो. "सगळं भरलंय."

मग चाची फोन बाजूला धरून चाचांना सांगत असल्याचं ऐकू आलं, "अवो, आपल्या बाकावर जागा नाय म्हनतोय." चाचा मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"सांग भाऊ," चाची परत फोनवर येऊन म्हणाल्या. "आता कोन जातंय?"