होडी बुडायच्या आधी

कट्टा गावच्या बाजारात मी हाताने काढलेली चित्रपुस्तके विकायचो. त्यातल्या एकाची पाने अंगठ्याखालून भराभर सोडली की चित्रातली होडी बुडे आणि मुले हसत.

एकदा तारकर्लीचा एक मासेमार तेच पुस्तक पुन्हा पुन्हा बघत राहिला.

"घेवचा नसात तर ठेव खाली!" मी खेकसलो.

"होडी अशी एकदम बुडणा नाय रे. आदी थोडी थांबता."

"तुका काय म्हायत?"

"माझ्या भावाची बुडताना बघलंय."

बुडण्याआधीच्या पानावर त्याने अंगठा दाबून धरला, मग सोडला आणि निघून गेला.

चिडूनच मी ते बुडण्याआधीचे चित्र लागोपाठच्या काही पानांवर तसेच काढले. होडी आधी थोडी थांबून खऱ्यासारखी बुडू लागली. लोक म्हणाले, मुंबईच्या कारागिराचे काम वाटते. पण मुलांचे हसणे थांबले आणि विक्रीही.

त्या माणसाने माझे गिऱ्हाईक तोडले. तरी जुनी, एकदम बुडणारी होडी काढायला हात उचलत नाही.